देव्हाऱ्यातली किल्ली

२४ जुलै, गुरुवार

आमच्या कक्षाच्या प्रमुख तृप्ती मॅडमनी ही डायरी दिली. "काका, रोजची निरीक्षणं लिहीत जा, अहवालाला उपयोगी पडतील," म्हणाल्या. निरीक्षणं वहीत लिहीन. इथे मनातलं लिहितो, ते कुणाला दाखवायचं नाही.

एसटीत तेहतीस वर्षं गाडी चालवली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरी बसून आमच्या हिच्या, लताच्या, पायात पायात येण्यापेक्षा बरं, म्हणून हे काम घेतलं. दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा-तीनदा पकडलेले लोक दंड भरतात, परवाना जातो, आणि पुन्हा सापडतात. वीजबिल भरावं तसा दंड भरतात. म्हणून जिल्ह्याच्या समितीने हा कक्ष काढला आहे. सहा महिने दर शनिवारी यायचं, यंत्रात फुंकायचं, समजावणं ऐकायचं, महिन्यातून एक दिवस दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात पेशंटची सेवा करायची. एकूण एकतीस माणसं. मी समन्वयक, म्हणजे खुर्च्या मांडायच्या आणि हजेरी घ्यायची.

पण यातली एक गोष्ट माझी आहे. मीटिंगमध्ये म्हणालो, "मॅडम, परवाना काढून काय होतं? गाडी परवान्यावर चालत नाही, किल्लीवर चालते. प्रत्येकाच्या घरातलं एक माणूस धरा. किल्ली त्याच्या ताब्यात, रोज वहीत त्याची सही. अडलं तर कक्षाला फोन." मॅडमनी फळ्यावर लिहिलं, किल्लीदार. शब्दही माझाच. छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू.

आज आषाढ अमावस्या. दुपारी देवळाली कॅम्पला गेणूकडे जाऊन आलो. गेणू माझा शाळेपासूनचा मित्र, रिटायर सुभेदार, त्याच्याकडे कॅन्टीनची बाटली असतेच. एरवी आमचा रविवार असतो, पण आजचा दिवस कोण सोडतो? दोनच घेतले. माझे कायम दोनच. स्कूटर हळू चालवत चार वाजता घरी. लता गॅलरीत बसली होती.

२६ जुलै, शनिवार

पहिला दिवस. कोणी मान खाली घालून आलं, कोणी बारशाला आल्यासारखं. यंत्राला त्यांनी लगेच नाव ठेवलं, फुंकणी. एकतीस जणांनी फुंकलं, एकतीस शून्य. मॅडम एवढ्या खूश की त्यांनी फळ्याचा फोटो काढला.

योगेश नावाचा एक रिक्षावाला आहे, चारदा पकडलेला, तोंडाचा फटकळ. जाताना मला म्हणाला, "साहेब, तुमी श्रावणात फुंकायला लावलं. परवा लावायचं होतं, मशीनला चक्कर आली असती."

मी हसलो. मॅडमना सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कशाला विरजण घाला.

किल्लीदारांत सगळ्या बायकाच. बायको, आई, एकाची सासू. पिंपळगाव बसवंतच्या ठमाबाई लक्षात राहिल्या. त्यांचा मुलगा समर्थ, अठ्ठावीस वर्षांचा, स्वतःची पिकअप, टोमॅटोचे क्रेट मार्केटला नेतो. तीनदा सापडलाय. नवरा दारूतच गेला. आता पिकअप पुतण्या सनी चालवणार, संध्याकाळी किल्ली ठमाबाईंकडे. त्या म्हणाल्या, "साहेब, कपाटात ठिवली तर तो कपाट फोडंल. मी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठिवते. तिथं तो हात लावायचा नाय." लिहिता येत नाही, सही कशी करणार? तर दिवा लावला की वहीत त्या दिवसाच्या चौकोनात कुंकवाचं बोट उमटवणार. मी म्हटलं, चालेल, सहीपेक्षा बरं.

१० ऑगस्ट, रविवार

कंटाळा. काल पुन्हा एकतीस शून्य. तेच ते समजावणं, तेच ते माना डोलावणं. माझे गुडघे तर असे दुखतात की एसटीच्या जड क्लचवर अजून पाय आहे असं वाटतं.

दुपारी गेणूकडे. त्याला श्रावण नाही, मलाही नाही. दोन घेणाऱ्याला कसला श्रावण? कक्षाच्या कपाटाचं कुलूप बिघडलंय म्हणून यंत्र स्कूटरच्या डिकीत होतं. गेणू म्हणाला, "आण की ती फुंकणी, बघू आपण किती पाण्यात आहोत ते." मी म्हणालो, "ती सरकारी वस्तू आहे, खेळणं नाही." त्याला चांगलंच झापलं.

परत आलो तर लता गॅलरीत, उन्हात. कपाळावर घाम. म्हटलं, आत पंखा आहे ना, इथे काय ठेवलंय? म्हणाली, "बसले आपली." या बाईला गॅलरीचं वेडच आहे. रविवारी दुपारी तर हटकून.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज हाडांच्या वॉर्डाची पाळी, दहा जण. समर्थला एका म्हाताऱ्या बाबांना कुशीवर वळवायला लावलं. त्यांच्या मांडीत सळई आहे. बाबा विव्हळले तसा हा पांढराफटक पडला. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "साहेब, मला ना, प्यालो की वाटतं आपण लय भारी चालवतो. हात एकदम हलका पडतो."

मी त्याला बिल्ला दाखवला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा, मी खिशात ठेवतो. म्हणालो, "बघ पोरा, हा हलका हात. याला शिस्त लागते." तो बराच वेळ हातात धरून बसला. चांगलं पोरगं आहे. याचं काहीतरी व्हावं असं मनापासून वाटतं. एकतिसातला एक जरी माणसात आला तरी माझं हे म्हातारपणचं लष्कराच्या भाकऱ्या भाजणं वाया गेलं नाही म्हणेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

समितीची बैठक. मॅडमनी भिंतीवर आलेख दाखवला, शून्यांची रांग. सात शनिवार, एकही शून्य चुकलं नाही. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या तालुक्यांत असे कक्ष काढायचं म्हणतायत. माझं नावही घेतलं, किल्लीदार योजनेचे जनक म्हणून.

मला बोलायचं होतं. श्रावण झाला, गणपती झाले, आता पितृपक्ष चालू आहे, मग नवरात्र. या लोकांच्या घरात आत्ता बाटली येतच नाही. खरी परीक्षा दसऱ्यानंतर. ओठावर आलं होतं. पण टाळ्या वाजत होत्या आणि माझं नाव नुकतंच घेतलं होतं. गप्प बसलो.

घरी लताला सांगितलं, जनक म्हणाले मला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लोका सांगे..." आणि थांबली. मी म्हटलं, कोणाबद्दल म्हणतेस? साहेबांबद्दल? म्हणाली, "हो, साहेबांबद्दलच."

२० सप्टेंबर, शनिवार

ठमाबाई वही घेऊन आल्या होत्या. कुंकवाची बोटं एका रांगेत, एक दिवस नागा नाही. एका चौकोनात तेलाचा डाग. त्या दिवशी ताप होता, हात थरथरला, म्हणाल्या. मी सगळ्यांना वही दाखवली.

१ ऑक्टोबर, बुधवार

एका किल्लीदाराचा फोन. दसऱ्याला गाडीची पूजा असते, किल्ली द्यायची का? अरेच्चा. आम्ही नियमांची चार पानं काढली आणि दसरा विसरलो! गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि मालकाने एक फेरी मारायची. ही काय सांगायची गोष्ट आहे? नाशकात सायकलीलासुद्धा हार घालतात. मॅडमना फोन केला, त्या सुट्टीसाठी पुण्याला गेल्या आहेत, लागला नाही. फोन केलेल्या त्या बाईला सांगितलं, पूजा करू द्या, किल्ली हातात देऊ नका. उरलेल्या तीस जणींना उद्या सकाळी हेच कळवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी स्कूटर धुतली, हार घातला. मग देवाचं, मग श्रीखंड. फोन करायचे राहून गेले. पण गांधी जयंती आहे, दारूची दुकानं बंद, त्यामुळे काळजी नव्हती. दहाला गेणूचा फोन, सोनं द्यायला ये. गेलो. सोनं दिलं-घेतलं, मग सणाचे म्हणून त्याने भरले. नवरात्र म्हणून नऊ दिवस त्याच्या बायकोने बाटली लपवली होती, त्यामुळे तो जोरात होता. आज तीन झाले असतील. सणाचा दिवस.

दीडच्या सुमारास ठमाबाईंचा फोन. समर्थने पिकअप धुतलीय, हार आणलेत, म्हणतोय मालकाच्या हाती किल्ली नसली तर गाडीला अवकळा येते. वेशीपर्यंत जाऊन येतो म्हणतोय. "देऊ का साहेब? पर त्याचे डोळे मला बरे दिसत नायत."

मी म्हणालो, "द्या हो, बिनधास्त द्या. वर्षाचा सण. दुकानंच बंद आहेत, पिणार कुठून? आईला नेहमी वाईटच दिसतं." त्या थोड्या थांबल्या आणि "बरं साहेब" म्हणाल्या. मलाच बरं वाटलं. नियम माणसासाठी असतात. माणसावर विश्वास टाकला की माणूस तो राखतो.

चारला घरी. लता गॅलरीत.

पुढे लिहितो. सहा वाजता सनीचा फोन आला. समर्थने वेशीवरून गाडी थेट हायवेच्या सर्व्हिस रोडला काढली. कडेला झेंडू विकणाऱ्या बाईला उडवलं. बाई जिवंत आहे, मांडीचं हाड मोडलंय. समर्थला खरचटलंही नाही. बाटली आदल्या दिवशीच घेऊन सीटखाली ठेवलेली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

योगेशने फोन करून सांगितलं, जणू मला माहीतच नव्हतं: "साहेब, दुकानं बंद असायच्या आदल्या दिवशी डबल माल उठतो." माहीत होतं मला. गेणूची बाटली तरी काल दुकानातून आली होती का?

वॉर्डात गेलो. तोच वॉर्ड, दारापासून तिसरी कॉट. कुसाबाई नाव, आडगावकडे तीस गुंठे झेंडू आहे त्यांचा. मला म्हणाल्या, "दोन क्रेटं राहिली व्हती, ती इकून निघणारच व्हते." मग विचारलं, "तुमी कोण?" मी म्हणालो, त्या पोराच्या तिकडचा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाच मिनिटं उभा राहिलो. मग निघून आलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

तृप्ती मॅडम परत आल्या. डोळे सुजलेले. त्यांनी ठमाबाईंचा जबाब वाचून दाखवला. "किल्ली म्याच दिली. कोणाला इचारलं नाय." बस्स, एवढंच. किल्ली ताब्यात ठेवायच्या हमीपत्रावर त्यांचा अंगठा आहे. आता त्यांच्यावरही कारवाई होणार.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही अहवालात किल्लीदाराकडून नियमभंग झाला असं लिहा. निदान योजना तरी वाचेल. उरलेले तीस आहेत."

मी हो म्हणालो. हो म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो. ठमाबाईंनी माझं नाव का घेतलं नाही हेच कळत नाही. आणि खरं सांगायचं तर ऐकल्या ऐकल्या पहिल्यांदा हायसं वाटलं. तेहतीस वर्षांत कधी एवढी स्वतःची लाज वाटली नव्हती.

८ ऑक्टोबर, बुधवार

पिंपळगावला गेलो, बसने. ठमाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. पिकअप पोलिसांकडे, पोरगा कोठडीत. मला पाणी दिलं, चहा टाकायला उठल्या. मीच बसवलं.

म्हणालो, "बाई, तुम्ही मला विचारलं होतं. सांगितलं का नाही?"

"तुमचं नाव कशाला? तुमी आमच्या पोरासाठी एवढं केलं. आन् म्या ऐकायला नको व्हतं. चूक माझीच."

"तुमची कशी? मी द्या म्हणालो."

त्या पाकळ्या सोलत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेब, राग नका मानू. फोनवर तुमचा आवाज बी तसाच व्हता. समर्थचा बाप असाच बोलायचा, बिनधास्त, बिनधास्त. मी वळखला. पर साहेब म्हणतायत म्हणल्यावर..."

पुढे त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. उठताना देव्हारा दिसला. खंडोबाचा टाक होता, त्याखाली काही नव्हतं. बाजूला वही. अडुसष्ट बोटं, पुढचे चौकोन कोरे.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो, सवयीने. त्याचे हात बघत आलो. तरुण होता. खिशात बिल्ला टोचत होता, काढून पिशवीत टाकला. बसमध्ये रडणं बरं दिसत नाही, पण रडलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल खरा अहवाल लिहून दिला. किती वाजता फोन आला, मी काय म्हणालो, कुठे होतो, काय घेतलं होतं, सगळं. मॅडमनी दोनदा वाचला. "काका, हे वर गेलं तर कक्ष बंद होईल."

मी म्हणालो, "कदाचित. पण हे दाबलं तर पुढच्या श्रावणात पुन्हा शून्यं मोजत बसू." श्रावणाचंही सांगितलं, आधी सांगायला हवं होतं ते. त्यांनी कागदांवर डोकं टेकलं. वाईट वाटलं, लेकीच्या वयाची आहे. पण त्यांनी कागद परत केला नाही. पुढच्या महिन्यात बैठक आहे. ठमाबाईंची सुटका होईल का विचारलं, म्हणाल्या, "या कागदाने निदान त्या एकट्या राहणार नाहीत."

आज फुंकायला चोवीस जण आले. एकतिसातले सात कमी, त्यातले दोन मशीन बघूनच दारातून परतले. ही पहिली खरी हजेरी.

सगळ्यांना उभं राहून सांगितलं. मग योगेश उठला, आपल्या शेजारची रिकामी खुर्ची सरळ केली आणि म्हणाला, "या साहेब. इकडं बसा."

समर्थची खुर्ची होती ती. बसलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

कक्षातून कोरं हमीपत्र आणलं होतं. वाहनचालक या रकान्यात माझं नाव लिहिलं, वाहन: स्कूटर. किल्लीदाराचा रकाना मोकळा ठेवून लतापुढे धरलं. तिने चष्मा न लावताच सही केली. म्हणालो, वाच तरी. म्हणाली, "काय वाचायचंय? वीस वर्षांचं पाठ आहे." किल्ली घेतली आणि देव्हाऱ्यात नाही, आपल्या कमरेला खोचली.

गेणूचा दोनदा फोन आला. उचलला नाही. संध्याकाळी सांगेन त्याला नीट, मित्र आहे.

तीन वाजले तशी लता उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेलो. खाली फाटक दिसतं तिथून, आणि वळण, आणि वळणापलीकडचा रस्ता थेट सिग्नलपर्यंत. तिची खुर्ची बरोबर त्या दिशेला वळवलेली. लाद्यांवर खुर्चीच्या पायांचे चार डाग पडलेत. या घरात वीस वर्षं राहतोय, आज पाहिले.

म्हणालो, "अगं, मी घरातच आहे."

"माहीत आहे," म्हणाली. "बसू दे. आज नुसतीच बसते."